दारू सुटली आहे, मग मीटिंगला कशाला जायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे एक्केचाळीस वर्षांचे प्राथमिक शिक्षक आहेत, तालुक्याच्या गावात राहतात. पंधरा-सोळा वर्षं प्यायले, त्यातली शेवटची चार-पाच वर्षं रोज. फेब्रुवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनाला चौथीतला एक मुलगा त्यांना म्हणाला, "सर, तुमच्या तोंडाला वास येतोय." त्या रात्रीपासून त्यांनी घेतलेली नाही. दवाखाना नाही, व्यसनमुक्ती केंद्र नाही, सगळं स्वतःच्या जिवावर. आता पाच महिने झाले. मेहुण्यांनी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे एएच्या (दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे मीटिंगला एकत्र जमतात ती संघटना), एका सभासदाचा नंबर दिलाय, तो महिनाभर पाकिटात पडून आहे. त्यांचं म्हणणं असं की दारू सुटलीच आहे, तर तिथे जाऊन पुन्हा दारूच्याच गोष्टी का ऐकायच्या? शिवाय गाव लहान, नोकरी मास्तरची. तिथे देवाचं फार असतं असंही ऐकलंय, आणि चारचौघांत "मी दारुडा आहे" म्हणायला जीभ रेटत नाही. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: "बायकोला वाटतं मी पूर्ण बरा झालो. मला तसं वाटत नाही, पण तिला सांगत नाही."

सर, नमस्कार.

तुमच्या सगळ्या शंकांना उत्तरं देते. पण मीटिंगला का जायचं हे तुम्ही त्या शेवटच्या ओळीत स्वतःच लिहून ठेवलंय, तिकडे येतेच.

त्याआधी थोडी रागावते. रोज क्वार्टर-दीड क्वार्टर घेणाऱ्याने एका रात्रीत, कुणालाही न सांगता, घरच्या घरी दारू बंद करणं धोक्याचं असतं. पहिले तीन दिवस हात थरथरले, बनियन घामाने भिजलं, डोळ्याला डोळा लागला नाही, असं तुम्ही लिहिलंय आणि त्यात जरा अभिमानही दिसतो. तुमचं नशीब बलवत्तर. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, अंग तापतं, आपण कुठे आहोत ते कळत नाही. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आम्हा समुपदेशकांत नुसतं डीटी. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. हे वाचणारा दुसरा कुणी रोजचा पिणारा असेल तर त्याने तुमचं बघून "उद्यापासून बंद" करू नये, आधी डॉक्टरकडे जावं. आठवडाभराच्या गोळ्या आणि बी-१ ची इंजेक्शनं एवढ्यावर बहुतेकांचे ते दिवस सुखरूप जातात. तुम्हालाही हे सांगायचं कारण असं की पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा बंद करायची पाळी आली, तर दर खेपेला हे दिवस आधीपेक्षा जड जाऊ शकतात. झालं रागावून.

आता ती ओळ. एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. शाळेतून निघालात, स्टँडजवळच्या परमिट रूमवरून येताना अंडाभुर्जीचा वास आला, आतून हसण्याचा आवाज आला आणि पोटात काहीतरी हललं. घरी पोचलात. बायको विचारते, "काय झालं?" तुम्ही खरं सांगितलंत, "आज फार प्यावीशी वाटली गं." काय होईल? तिचा चेहरा उतरेल. रात्री तुम्ही झोपल्यावर ती शर्ट हुंगेल. उद्या यायला वीस मिनिटं उशीर झाला तर तीन फोन करील. यात तिची काडीची चूक नाही, इतकी वर्षं तिने जे काढलंय त्यानंतर कुणीही हेच करील. पण हे माहीत असल्यामुळे तुम्ही म्हणता, "काही नाही, डोकं दुखतंय." आईला सांगता येत नाही. जुन्या मित्राला सांगितलं तर तो म्हणतो, "मग घे की एक, एवढं काय त्यात!" म्हणजे घर असो, नातं असो की दोस्ती, हे एक वाक्य बोलायला तुम्हाला जागाच नाही.

न बोललेला तो विचार आत बसून वकिली करायला लागतो. "पाच महिने राहिलास ना? बेवड्याला जमलं असतं का? म्हणजे तू बेवडा नव्हतासच. तेव्हा जरा प्रमाण सुटलं होतं. आता महिन्यातून एक बियर, ती पण घरी, कुणाला कळतंय?" बावीस वर्षांत मी ज्यांच्या स्लिपा ऐकल्या (पुन्हा प्यायला लागण्याला आमच्यात स्लिप म्हणतात), त्यातल्या फार थोड्या मोठ्या दुःखात झालेल्या. बाप गेला तेव्हा माणूस राहिला, आणि चार महिन्यांनी कशाही कारणाशिवाय, छान पाऊस पडत असताना प्यायला बसला. वकील आधीच खटला जिंकून बसलेला असतो, कारण समोर दुसरी बाजू मांडायला कुणीच नसतं.

मीटिंग ही ते वाक्य बोलायची जागा आहे. तिथे तुम्ही "आज फार प्यावीशी वाटली" म्हणालात तर कुणाचा चेहरा उतरत नाही. बाकावरचा कुणी मान हलवतो. नंतर चहाच्या वेळी म्हणतो, "मला गुरुवारी वाटली. पगार झाला होता. मी सरळ समोरून आलेल्या बसमध्ये बसलो, कुठे जाते ते पण बघितलं नाही." दोघं हसता. भुर्जीच्या वासाचा जोर तिथेच निम्मा होतो. मला हे देता येत नाही. मी समुपदेशक आहे, मला तलफेचं शास्त्र ठाऊक आहे, पण मी आयुष्यात कधी प्यायले नाही. "मलाही असंच होतं" हे मी तुमच्याकडे बघून म्हणाले तर ती लबाडी होईल. आमच्याकडे एक एसटी कंडक्टर उपचाराला होते, माझ्यासमोर तीन आठवडे गप्प बसले. चौथ्या आठवड्यात एक जुने पेशंट येऊन बाटली कुठे कुठे लपवायचे ते सांगत होते, पाण्याच्या टाकीत, स्कूटरच्या डिकीत, देवघराखाली. कंडक्टर एकदम म्हणाले, "तिकिटाच्या पेटीत." तिथून त्यांचं बोलणं सुरू झालं.

तुमच्या पाच महिन्यांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३५ चा मे महिना, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं ॲक्रन नावाचं गाव. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल कामासाठी तिथे आलेला. व्यवहार फिसकटला, सोबतचे लोक निघून गेले, हा हॉटेलच्या लॉबीत एकटा. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. दारू सोडून त्याला किती दिवस झाले होते? पाच महिने. त्या पाच महिन्यांत त्याने न्यूयॉर्कमधल्या बऱ्याच पिणाऱ्यांना समजावून पाहिलं होतं, सुटली एकाचीही नव्हती. पण हे करताना तो स्वतः मात्र प्यायला नव्हता, ही गोष्ट त्याची बायको लोइस हिने त्याच्या नजरेला आणून दिली होती. म्हणून त्या संध्याकाळी त्याने पाद्र्यांना फोन लावले, आणि मागणं मोठं चमत्कारिक होतं: मला इथला एखादा बेवडा शोधून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय.

त्यातून भेटला डॉक्टर बॉब स्मिथ, गावातला सर्जन, हाताच्या थरथरीमुळे धंदा बसत चाललेला. पंधरा मिनिटांत उरकू म्हणून आलेला हा माणूस रात्री उशिरापर्यंत बसला, कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचीच कर्मकहाणी सांगत होता. पुढे काही आठवड्यांनी डॉक्टर वैद्यकीय परिषदेला अटलांटिक सिटीला गेला आणि तिथे पुन्हा भरपूर प्यायला. म्हणजे एएचा दुसरा सभासदसुद्धा स्लिप झाला होता. परत आल्यावर त्याने शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस एए आपला स्थापना दिवस मानते. भारतात मीटिंगा सुरू झाल्या १९५७ मध्ये. सांगायचा मुद्दा असा की "माझी सुटली आहे, मग मी कशाला जाऊ" हा तुमचा प्रश्न, आणि ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं तो माणूस, सुटलेली असतानाच दुसरा शोधत फिरत होता.

हे परदेशी वाटत असेल तर आपल्या गावात बघा. "त्यानं माळ घातली" म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. पंगतीत आग्रह होत नाही, लग्नाच्या आदल्या रात्री त्याला कुणी गच्चीवर बोलावत नाही. एकादशीला भजन, वर्षाला वारी, दिंडीत शेजारी ठरलेले टाळकरी. माळेने दारू सुटलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत, आणि मण्यांइतकंच काम त्या पंधरा-वीस लोकांनी केलेलं असतं. उलटंही पाहिलंय. घरातल्या घरात माळ घालायची, भजनाला कधी जायचं नाही, आणि संध्याकाळी ती खुंटीला अडकवून बाहेर पडायचं.

श्रावणाचंही तसंच. "मी दर श्रावणात महिनाभर सोडतो, म्हणजे माझा ताबा आहे" असं तुम्ही लिहिलंय. सर, महाराष्ट्रात निम्म्या परमिट रूम श्रावणात ओस असतात आणि गणपती गेले की भरतात. त्या महिन्यात दारू पुढे ढकललेली असते, तारीख ठरलेली असते, शिवाय सगळं गावच पाळत असतं म्हणून सोपं जातं. आताच्या तुमच्या पाच महिन्यांना शेवटची तारीख नाही. म्हणून हे वेगळं आहे, आणि अवघड आहे.

आता लहान गावाचं. इथे तुमची भीती खोटी नाही. पुण्या-मुंबईत एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये किंवा महापालिकेच्या शाळेच्या वर्गात मीटिंग भरते, कोण कुणाला ओळखतो! तालुक्याला मास्तर कुठल्या दारात शिरले हे पानवाल्यालाही कळतं. म्हणून सरळ सल्ला: सुरुवातीचे दोन-तीन महिने आपल्या गावात जाऊच नका. जिल्ह्याच्या ठिकाणी रविवारी जा, बायको-मुलांना सोबत नेऊन त्यांची खरेदी होऊ द्या. तेही जमत नसेल तर कोरोनापासून मराठीत ऑनलाइन मीटिंगा होतात, कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलेलं चालतं. मात्र कायम ऑनलाइनवर राहू नका. मीटिंग संपल्यावर टपरीवर जे बोलणं होतं ते मोबाइलमध्ये होत नाही, आणि बऱ्याचदा खरी मीटिंग तीच असते.

तिथे हजेरीचं रजिस्टर नसतं, आडनाव विचारत नाहीत, नोकरी विचारत नाहीत. ओळखीचा निघाला तर? निघतो कधी कधी. केंद्र प्रमुख निघतात, ग्रामसेवक निघतात. पण तोही त्या बाकावर त्याच कारणासाठी बसलेला असतो, गावात बोंब मारायची तर आधी स्वतःची मारावी लागेल. आणि असे लोक किती असतील याचा अंदाज हवा असेल तर सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेली आणि २०१९ मध्ये जाहीर झालेली देशव्यापी पाहणी बघा. दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक ५.७ कोटी निघाले. आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. उरलेले सदतीस जण "गावात काय म्हणतील" याच विचारात बसले असावेत, हा माझा तर्क, पाहणीतला आकडा नव्हे. शिवाय वासाची बातमी गावाला आधीच पोचलेली असते. चौथीतल्या पोराला कळलं, तर सरपंचाला कळलं नसेल?

नोकरीचं म्हणाल तर डॉक्टरकडे गेल्याने ती धोक्यात येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या व्यसनाशी जोडलेले आजार मानसिक आजारांच्या व्याख्येत घेतले आहेत आणि अशा उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क पेशंटला दिलाय.

देवाचा मुद्दा. एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी सभासद एकेक करून ज्या पाळतात त्यांत, देव येतो, हे खरंच आहे. मीटिंग संपताना उभं राहून प्रार्थनाही म्हणतात. पण त्या पायऱ्या लिहिल्या जात असताना पहिल्या सभासदांमधल्या नास्तिकांनी भांडून शब्द घालून घेतले: "आम्हाला उमजेल तसा" देव. एकदा ते शब्द आले की मग दार सताड उघडं. आमच्याकडचे एक विज्ञानाचे प्राध्यापक म्हणायचे, "माझी उच्च शक्ती म्हणजे मंगळवारची साडेसातची मीटिंग. ती माझ्यापेक्षा नक्कीच ताकदवान आहे, मी एकटा असताना हरलोय, ती अजून हरलेली नाही." चौदा वर्षं झाली त्यांना. पायरीत मागितलंय ते एवढंच की माझं एकट्याचं डोकं इथे पुरत नाही हे मान्य करा. ज्याला हेही घशाखाली उतरत नाही त्याने पाठपुरावा गटात जावं. पुण्यात येरवड्याला डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पुलं आणि सुनीताबाईंची मदत होती. तिथून बाहेर पडलेल्या मित्रांचे असे गट महाराष्ट्रात ठिकठिकाणी भरतात. आपल्या भागात असा गट आहे का ते आधी फोन करून विचारा.

"मी दारुडा आहे" हे म्हणायचं की नाही? पहिल्या दिवशी तर नाहीच. "मी फक्त ऐकायला आलोय" एवढं पुरतं. सभासद व्हायची अट एकच आहे, पिणं सोडण्याची इच्छा, आणि ती तुमच्यात आहे की नाही हे कुणी तपासत नाही. पण त्या वाक्याबद्दल माझं मत सांगते. गावाने तुम्हाला दारुडा म्हणणं ही शिवी आहे. तुम्ही स्वतःहून, ज्यांना तेच झालंय अशा लोकांसमोर, "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे" म्हणणं हे मधुमेह असलेल्याने लग्नात "मला जिलेबी नको, शुगर आहे" म्हणण्याच्या जवळचं आहे. तो वकील आठवतोय ना? त्याचं पहिलं कलमच असतं की "तू त्यातला नाहीस." ते वाक्य मोठ्याने म्हटलं की कलम रद्द. म्हणूनच वीस वर्षं झालेली माणसंही ते दर वेळी म्हणतात. मला सुरुवातीला ते पोपटपंचीसारखं वाटायचं. खुल्या मीटिंगांना बसायला लागल्यावर, म्हणजे जिथे कुणालाही बसता येतं तिथे, माझं मत बदललं. बंद मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची, तिथे मलाही प्रवेश नाही.

आत होतं काय? दीड-एक तास. सुरुवातीला थोडं वाचन, मग एकेक जण बोलतो, त्याला शेअरिंग म्हणतात. मधे कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. मास्तर मंडळींना हे फार जड जातं, आधीच सांगून ठेवते! फी नाही. एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात दहा-वीस टाका किंवा टाकू नका. बाहेरच्या कुणाची देणगी ते घेत नाहीत. कुणाला वर्ष झालं असेल तर केक कापतात, त्याला बर्थडे म्हणतात, आणि पन्नाशीच्या माणसाचा "पहिला वाढदिवस" बघून त्याची मोठी झालेली मुलं रडतात. पुढे जाऊन एखादा जुना सभासद तुमचा स्पॉन्सर होतो, ज्याला रात्री अकरालाही फोन करता येतो असा.

याचा उपयोग होतो का, हे फक्त भावनेवर सांगत नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था. तिने २०२० मध्ये २७ अभ्यास, मिळून दहा हजारांवर लोक, एकत्र पाहिले. ज्या उपचारांत तज्ज्ञांनी माणसाला पद्धतशीरपणे एएशी जोडून दिलं, ते दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत इतर नावाजलेल्या उपचारांच्या तोडीचे, कित्येकदा सरस निघाले. "जोडून दिलं" या शब्दांकडे लक्ष द्या. नंबर पाकिटात असणं म्हणजे जोडलं जाणं नव्हे.

गट आंधळेपणाने चांगलेच असतात असंही मी म्हणणार नाही. काही ठिकाणी दोन-तीन जुने सभासद दर वेळी तीच तीच पराक्रमगाथा लावतात, "मी खंबा एका दमात संपवायचो." काही ठिकाणी राजकारण असतं. कुणी उसने पैसे मागितले तर देऊ नका आणि मागू नका, यावरून चांगले गट फुटलेले पाहिले आहेत. सगळ्यात महत्त्वाचं, "गोळ्या बंद कर, गोळ्या म्हणजे पण व्यसनच" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एएची स्वतःची भूमिकाही अशी आहे की सभासदाने डॉक्टरकी करू नये. एक गट नाही पटला तर दुसरा बघा. पण निदान तीन-चार वेळा गेल्याशिवाय "माझ्यासाठी नाही" असं ठरवू नका. पहिल्या वेळी प्रत्येकाला वाटतं की हे लोक माझ्यापेक्षा फार वाया गेलेले होते. तुलना करत ऐकलं की असंच वाटतं. "माझ्यासारखं यात काय" एवढंच शोधा.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटाच. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, ॲकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. लिव्हरची तपासणी करून ती तुम्हाला द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. पाचव्या महिन्यातही झोप तुटते, चिडचिड होते असं तुम्ही लिहिलंय. ते अजून काही महिने चालू शकतं आणि त्याला तुमचा स्वभाव जबाबदार नाही. आणि एसटीत पत्रकं वाटतात ना, "न सांगता दारू सोडवा", ती पूड तुमच्या घरात कुणी आणली असेल तर फेकून द्या. अशा पुडीत काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. दारूसोबत घेतली की त्रास होतो असं डायसल्फिराम नावाचं औषध असतं, ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचं असतं. चहातून लपवून दिलं आणि वर त्याने दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

वहिनींना किती सांगायचं? मीटिंगला जातो हे सांगा. तिथे काय बोलता ते सांगू नका, आणि त्यांनीही विचारू नये असं ठरवून टाका. त्यांच्यासाठी वेगळी जागा असते. एएतल्या लोकांच्या बायकांनी १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू केलं, मुक्तांगणमध्ये सुनंदाताईंनी बायकांसाठी सहचरी गट केला. शर्ट हुंगणारी बाई वाईट नसते, दमलेली असते, हे तिला दुसरी तशीच बाई जितकं पटवून देते तितकं तुम्ही-मी देऊ शकत नाही.

"महिन्यातून एक बियर" हाही प्रश्न तुम्ही आडून विचारलाय. रोज पिऊन, थरथरीपर्यंत पोचलेल्या माणसासाठी माझं उत्तर नाही असं आहे. ज्यांना तो हिशेब जमला असं सांगणारे मला भेटलेत, पण दर वेळी ते सांगत असताना तिसऱ्या किंवा चौथ्या महिन्यात होते. आणि स्लिप झालीच, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुन्या हिशेबाने प्यायलात तर ती एकदम चढते, त्यात अपघात होतात. आणि "आता सगळं गेलंच" म्हणून पुढचा आठवडा त्यात घालू नका. दुसऱ्या दिवशी त्याच मीटिंगला जा. तिथे असा एकही माणूस बसलेला नसतो ज्याला ते ऐकून धक्का बसेल.

आणि एक, तारखेचं. आषाढ संपत आलाय, म्हणजे गटारी तोंडावर आहे. दिव्यांची अमावास्या हे तिचं खरं नाव आपण केव्हाच विसरलो. शाळेतली मंडळी शेतावर मटणाचा बेत करणार, तुम्हाला बोलावणार, "तू नुसतं जेव रे" म्हणणार. यंदा जाऊ नका. आजारी पडा, पाहुणे आले म्हणा, खोटं बोला. एरवी मी खोटं बोलायला सांगत नाही. दुपारचं जेवण पोटभर करा, कारण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांवर तलफ स्वार होते आणि यातली निदान भूक तरी आपल्या हातात असते. त्या वेळेत तलफ फारच अनावर झाली तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, नंबरवर किंवा १४४४६ या नशामुक्ती हेल्पलाइनवर मराठीतूनही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पण आधी पाकिटातला तो नंबर काढा. काय बोलायचं म्हणून महिनाभर अडून बसलात, तर स्वतःबद्दल काहीच बोलू नका. एवढंच विचारा, "गटारीच्या संध्याकाळी कुठे मीटिंग आहे का?" पलीकडचा माणूस बाकीचं समजून घेईल.